एकवीस पट दाबलेली हवा

‘जुन्या मर्सिडीजचं लोखंडच वेगळं होतं हो, आताच्या अमेरिकन गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही. गेल्या आठवड्यात एका नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठवली. मर्सिडीज २४० डी ही सत्तर-ऐंशीच्या दशकांतली डिझेल गाडी चालू आहे, मालक बॉनेट उघडून बॅटरीची केबल काढतो आणि इंजिन तसंच टकटकत राहतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘याला म्हणतात जर्मन पोलाद.’ चित्रफीत खोटी नाही. बॅटरीच काय, वीज तयार करणारा अल्टरनेटर काढला तरी ते इंजिन चालेल. (घरी करून पाहू नका, चालत्या गाडीची केबल काढली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात.) पण यात पोलादाचा काडीचा संबंध नाही. ही करामत हवेची आहे.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं घट्ट दाबा आणि चार-पाच दणके मारा. पंपाचा खालचा भाग गरम लागतो. हवा दाबायला आपण जे कष्ट केले, ते उष्णता होऊन तिच्यात उतरले. २४० डीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या एकविसाव्या हिश्शात कोंबतो. शाळेतलं सूत्र लावू. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं, तर निरपेक्ष तापमान २१ च्या ०.४ घाताइतकं, म्हणजे सुमारे ३.४ पट वाढतं. २७ अंश सेल्सिअसची हवा म्हणजे ३०० केल्व्हिन. ती हजार केल्व्हिनच्या वर, म्हणजे ७४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता खातात, तरी गरम इंजिनात पाच-सहाशे अंश सहज उरतात. डिझेल पेटायला याच्या निम्मी उष्णताही पुरते. म्हणून तिथे डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही. वीज लागते ती फक्त सुरुवातीला, स्टार्टर फिरवायला आणि हीटर प्लग तापवायला. हा प्लग तापेपर्यंत थांबण्याला जर्मन चालक ‘रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणार्थ एक मिनिट’ म्हणत.

आता या इंजिनातला माझा सगळ्यात आवडता भाग. तापलेल्या हवेत डिझेल थेट मारलं तर ते एकदम भडकतं, दाब झटक्यात चढतो आणि पिस्टनवर घणाचा घाव बसतो. ट्रकला ते चालतं, बैठ्या गाडीला नाही. १९०९ मध्ये मानहाइमच्या बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्यानं यावर तोड काढली. त्यानं सिलिंडरच्या वरच्या झाकणातच, म्हणजे हेडमध्ये, एक छोटी खोली केली आणि बारीक भोकांनी ती सिलिंडरला जोडली. डिझेल पडतं ते या खोलीत. तिथे हवा थोडी आणि डिझेल जास्त, त्यामुळे ते अर्धवटच जळतं. पण त्या अर्धवट जळण्यानंही खोलीतला दाब वाढतो आणि पेटता, अर्धकच्चा धूर भोकांतून जोरात सिलिंडरमध्ये घुसतो. तिथली उरलेली हवा घुसळून निघते आणि जळण पुरं होतं. आग दोन टप्प्यांत लागल्यामुळे पिस्टनला धक्का न बसता नेटाचा रेटा मिळतो. घुसळण्याचं काम आगच करत असल्यानं फवारा फार बारीक असण्याचीही गरज उरत नाही. या इंजिनाचं नोझल, म्हणजे फवारा मारणारी तोटी, शंभर-सव्वाशे बार दाबाला उघडतं (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये हाच दाब दोन हजार बारच्या घरात असतो.

अर्थात याची किंमत मोजावी लागतेच. खोली जितकी लहान, तितकं तिच्या आकारमानाच्या मानानं भिंतींचं क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे उष्णता भिंतीत मुरते, भोकांतून वायू ढकलताना शक्ती वाया जाते आणि थेट फवाऱ्याच्या इंजिनापेक्षा डिझेल जास्त लागतं. थंडीत सुरू व्हायला हीटर प्लग लागतो, तोही याच भिंतींमुळे.

तो फवारा मोजून देणारा पंप तर निव्वळ घड्याळजीचं काम. प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर, म्हणजे बारीक दट्ट्या असतो. प्लंजर आणि त्याचं नळकांडं यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस त्याच्या वीस-तीस पट जाड. प्लंजरच्या अंगावर तिरपी खाच असते. ॲक्सिलरेटर दाबला की प्लंजर स्वतःभोवती किंचित वळतो, खाच भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि तेवढ्यानं डिझेलचं माप बदलतं. पूर्ण जोरातही एका वेळचं माप पाण्याच्या थेंबापेक्षा कमी, आणि असे फवारे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ३५ हून जास्त. या जातीची नोझलं आपल्याकडे नाशिकच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये बनत.

हे इंजिन आपल्याला परकं नाही. ओएम ६१६ हे त्याचं कारखान्यातलं नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, ते परवान्यानं बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर या गाड्यांमध्ये बसवलं. कराड-पाटण भागात वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी जीपनं, फिरलेल्यांनी २४० डीचा ठोका ऐकलेला आहे. लहानपणी आमची वडापची ट्रॅक्स एकदा चढावर डिझेल संपून थांबली. कॅनमधून डिझेल ओतलं तरी ती सुरू होईना, लाइनीत एअर धरली होती. ड्रायव्हरनं फिल्टरवरचे आणि पंपावरचे नट सैल केले, पंपावरचं बटण हातानं दाबत राहिला आणि फेस यायचा थांबून स्वच्छ डिझेल आल्यावर एकेक नट आवळला. त्याच्या हातात एकच पाना होता.

आता टिकाऊपणाचं. २४० डीची चार सिलिंडरं मिळून सुमारे २,४०० घन सेंटिमीटरची आणि ताकद, सुधारल्यानंतरची, ७२ अश्वशक्ती. लिटरमागे ३०. शेवर्ले मलिबू ही अगदी अलीकडची अमेरिकन सेडान, तिचं उत्पादन नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबलं. तिचं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १६० च्या वर अश्वशक्ती देतं, म्हणजे लिटरमागे शंभराहून जास्त. गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांचं वजन जवळपास सारखंच, १,४०० किलोच्या आसपास. तेव्हा मर्सिडीजमध्ये लोखंड जास्त आणि अमेरिकन गाडीत नुसता पत्रा, हा दावा इथेच निकालात निघतो. जर्मन गाडीकडून लिटरमागे एक तृतीयांशाहून कमी काम मागितलं जात होतं, म्हणून ती टिकली. ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला वीस सेकंदांहून जास्त लागत. १९७४ पासून अमेरिकेत हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती आणि पेट्रोल महागलेलं होतं. त्या काळात तिची संथ चाल तिथे खपून गेली.

मलिबूच्या इंजिनाचं दुखणं नेमकं उलटं. डिझेल आपोआप पेटावं लागतं, पेट्रोल आपोआप पेटता कामा नये. पेटलं तर ‘नॉकिंग’ होऊन पिस्टन फुटू शकतो. म्हणून हवा दहापटच दाबायची आणि इंजिनाच्या अंगावर एक स्फटिक बसवायचा. कंप झाला की त्यात वीज निर्माण होते, संगणकाला नॉकिंग ऐकू येतं आणि तो ठिणगी क्षणभर उशिरा पाडतो. दुपटीहून जास्त ताकद असूनही मलिबू लिटरला १३ किलोमीटरच्या आसपास जाते. २४० डी साधारण ११-१२ जाते, तेही लिटरमागे दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असलेल्या डिझेलवर. हे अभियांत्रिकीतलं मोठं यश आहे आणि त्याला ‘पत्र्याचा डबा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

जीव वाचवण्यात तर तुलनाच नको. २००९ मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं १९५९ ची भक्कम दिसणारी शेवर्ले बेल एअर आणि २००९ ची मलिबू समोरासमोर आदळवली. बेल एअरमध्ये चालकाच्या बसण्याची जागाच चेपून गेली, मलिबूतला चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता. मर्सिडीज बेल एअरपेक्षा कितीतरी शहाणी गाडी होती, पण एअरबॅग तिला १९८२ पासून, तीही जादा पैसे देऊन मिळे. शिवाय तिच्या धुराला ना फिल्टर ना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो काळा धूर फुप्फुसात जातो, हे जुन्या गाड्यांच्या प्रेमापोटी विसरू नये.

डिझेलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवणाऱ्यांनाही इथेच सांगतो. हायड्रोकार्बनला चुंबकाचं काहीच वाटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि बहुतेकांचा काहीही उपयोग आढळला नाही. टायरमध्ये हवा भरा, पैसे वाचतील.

ग्रीसमधल्या थेसालोनिकीतल्या ग्रेगोरिओस साखिनिडिस या टॅक्सीचालकाची १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर धावून श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात पोचली, हा दाखला हमखास दिला जातो. पण तिचं इंजिन वाटेत अनेकदा उतरवून बदललेलं आहे. जोपासणाऱ्या हातांशिवाय ती गाडी तिथवर गेली नसती.

कराडच्या एका मिस्त्रींनी मला ट्रॅक्सचं टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायला शिकवलं. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पातं फटीत सरकलं पाहिजे, पण जराशी ओढ लागली पाहिजे. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर, धूर बाहेर टाकणाऱ्याला ०.३०, कारण तो जास्त तापतो आणि लांब होतो. चालून चालून व्हॉल्व्ह बैठकीत रुततो आणि फट कमी होत जाते. आताच्या बहुतेक इंजिनांत ही फट तेलाच्या दाबानं आपोआप सांभाळली जाते. मर्सिडीजनं मात्र दर २४,००० किलोमीटरला ती तपासायला सांगितलं होतं. ते चुकवलं तर एक दिवस व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, दाबलेली हवा तिथून निसटते, तापमान चढत नाही, आणि कितीही स्टार्टर मारला तरी डिझेल पेटत नाही.