तेलकट खाल्लं म्हणून जनुकं बदलत नाहीत

‘तेलकट खाण्याने मेंदूतली जनुकं बदलतात’ अशा छापाचा मथळा अधूनमधून कुठल्या ना कुठल्या पेपरात येतो आणि मग पुढचे आठ दिवस मोबाइलवर फिरत राहतो. वाचणाऱ्याला वाटतं, दोन वडे जास्त खाल्ले की डीएनएचं वाटोळं झालं. तसं काही होत नाही. तुमच्या यकृतातल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए तोच असतो. कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आहे आणि किती जोरात चालू आहे, यात फरक असतो. जनुक चालू असणं म्हणजे त्याची आरएनए प्रत निघणं आणि त्या प्रतीबरहुकूम प्रथिन तयार होणं; हे दहावीच्या पुस्तकात आहे. खाण्यातल्या चरबीचा परिणाम होतो तो या प्रती निघण्यावर, आणि तो परिणाम मथळ्यापेक्षा फार जास्त मजेदार आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. त्यातल्या आर्क्युएट केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या एका पुंजक्यात, दोन तऱ्हेच्या चेतापेशी एकमेकींच्या शेजारी नांदतात. पहिल्या पॉम्क हे जनुक चालवतात. त्याच्या प्रथिनाचे तुकडे पडतात आणि त्यातला अल्फा-एमएसएच हा तुकडा पुढच्या पेशींना ‘आता पुरे’ असं कळवतो. दुसऱ्या पेशी एजीआरपी हे प्रथिन बनवतात. ते नेमका तोच निरोप वाटेत अडवतो, म्हणजे भूक वाढते. या दोघींत कुणाचं चालणार, यात मोठा वाटा लेप्टिन या संप्रेरकाचा. ते भूक आवरतं आणि चरबीच्या पेशींतून येतं; अंगावर चरबी जितकी जास्त, तितकं रक्तात लेप्टिन जास्त.

लेप्टिनचं जनुक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 मध्ये शोधलं. लगेच गाजावाजा झाला. अ‍ॅमजेन कंपनीने हक्कांसाठी 2 कोटी डॉलर मोजले, लठ्ठपणावरचं इंजेक्शन आता आलंच म्हणून. ते तसं आलं नाही. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशा मोजक्या रुग्णांना त्याचा विलक्षण गुण आला, पण एरवीच्या लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच होतं. मेंदू त्याला दाद देत नव्हता, एवढंच.

का देत नव्हता? इथे सॉक्स-3 हे जनुक येतं, आणि हा लेख मी खरं तर त्याच्यासाठी लिहितो आहे.

लेप्टिन चेतापेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक-2 नावाचं विकर बसलेलं असतं. ते जागं होतं आणि रिसेप्टरच्या शेपटीवर ठरावीक जागी फॉस्फेट लावतं. उंदराच्या रिसेप्टरमध्ये 1138 क्रमांकाच्या टायरोसीनवर (हा प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लागलं की स्टॅट-3 हे प्रथिन तिथे येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतं, मग त्याच्या दोन-दोन रेणूंची जोडी जमते आणि ही जोडी थेट पेशीकेंद्रकात शिरते. तिथे ती पॉम्कच्या प्रती वाढवते, एजीआरपीच्या कमी करते. भूक मंदावते. पण हीच जोडी त्याच फेरीत सॉक्स-3 हे जनुकसुद्धा चालू करते. त्यातून बनलेलं प्रथिन परत बाहेर येतं, त्याच शेपटीवरच्या 985 क्रमांकाच्या टायरोसीनला धरतं आणि जॅक-2 ला गप्प करतं. म्हणजे निरोप आत पोचला की त्या निरोपाचाच एक परिणाम पुढचे निरोप बंद करतो. एरवी ही सोय उत्तम आहे. पण दाराची बेल कुणी दिवसभर दाबूनच धरली तर घरातली माणसं शेवटी वायर काढून ठेवतात, तसं इथे होतं. चरबीयुक्त खाणं चालूच राहिलं की लेप्टिन चढंच राहतं, आर्क्युएट केंद्रकात सॉक्स-3 वाढलेलं राहतं आणि पॉम्कपर्यंत काही पोचत नाही.

2004 मध्ये बोस्टनच्या एका गटाने डीएनएत सॉक्स-3 हे जनुक दोनदा असण्याऐवजी एकदाच असलेले उंदीर घेतले; चरबीयुक्त खाण्यावर ते इतरांइतके सुटले नाहीत. जपानी गटाने चेतापेशींतून हे जनुक काढूनच टाकलं. निष्कर्ष तोच.

सॉक्स-3 ला चालू करणारं लेप्टिन एकटंच नाही. दाहाचे (इन्फ्लमेशनचे) रेणूही ते काम करतात. ब्राझीलमधल्या काम्पिनासच्या संशोधकांनी 2005 मध्ये चरबीयुक्त खाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांचा, म्हणजे रॅटचा, हायपोथॅलॅमस तपासला, तेव्हा सगळ्यात जास्त फरक दिसला तो प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांत. 2012 मध्ये सिअ‍ॅटलच्या गटाने दाखवलं, की हा दाह पहिल्या एक ते तीन दिवसांतच सुरू होतो, वजन फारसं वाढायच्या आत. मग तो ओसरतो, आणि खाणं तसंच राहिलं तर परत येऊन मुक्काम ठोकतो.

आता हे उंदीर काय खात होते तेही पाहू. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा खाद्यात 60% उष्मांक चरबीतून येतात, आणि ती मुख्यतः डुकराची चरबी असते. आपलं रोजचं जेवण, चमचमीत असलं तरी, त्याच्या जवळपास जात नाही. तेव्हा उंदरांचे आकडे उचलून माणसाला चिकटवणाऱ्यांपासून जपा.

आईच्या खाण्याचा पिल्लांवर होणारा परिणामही तपासला गेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2010 मध्ये चरबीयुक्त खाणाऱ्या उंदरिणींच्या पिल्लांत डोपामाइन आणि ओपिऑइड या मेंदूतल्या सुखाशी निगडित रसायनांशी संबंधित काही जनुकांवरचे मिथाइल गट (डीएनएला चिकटून जनुक सहसा गप्प ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) कमी झालेले, त्यांच्या प्रती वाढलेल्या आणि गोड-स्निग्ध खाण्याची ओढ वाढलेली आढळली. असं संशोधन आलं की आपल्याकडे गर्भसंस्काराचे वर्गवाले ‘विज्ञानानेही मान्य केलं’ म्हणत जाहिराती काढतात. पोटाजवळ मंत्रांची सीडी लावून कुठल्या जनुकावरचा कुठला मिथाइल गट हलतो, हे त्यांनी एकदा दाखवावं.

डीएनएची अक्षरं या सगळ्यात जागच्या जागी असतात, म्हणून परतीची वाटही असते. 2014 मध्ये उंदरांना सोळा आठवडे चरबीयुक्त खाद्य देऊन मग चार आठवडे साध्या खाद्यावर ठेवलं, तेव्हा हायपोथॅलॅमसमधल्या आधारपेशींची दाहातून झालेली वाढ पूर्ववत झाली.