बादलीभर पाण्यासाठी दहा बादल्या बर्फ

ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या की साधारण एक बादली पाणी हाती लागतं. बाकीची सगळी हवाच असते. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातले लोक हा हिशेब आपापल्या अंगणात उभे राहून शिकले. लाईट नव्हती आणि नळ कोरडे होते. हातात येईल ते पातेलं, बादली घेऊन लोक बाहेर पडत, बर्फ भरून आणून बाथटबमध्ये ओतत आणि तो वितळायची वाट बघत बसत. संडासात एकदा सहा लिटर पाणी टाकायचं तर साठ लिटर बर्फ आणायला हवा. शिवाय एक किलो बर्फाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. हीटर बंद असलेल्या घरात ती उष्णता येणार कुठून? घरात जी काही ऊब उरली होती, तीच तो टब ओढून घेत होता.

बर्फ पडला होता जेमतेम 16 सेंटिमीटर. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हिवाळाभरात दोन मीटरच्या वर पडतो आणि तिथलं जनजीवन चालू राहतं. ऑस्टिनमध्ये मात्र पारा उणे दहाच्याही खाली उतरला आणि जवळपास सहा दिवस शून्याच्या वर आला नाही. तिथली घरं, पाइप, वीजकेंद्रं सगळी उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. त्यामुळे रस्त्यावरचा बर्फ कसा हटवायचा हा प्रश्न मागे पडला. कोणती सेवा कोणत्या तारेवर अवलंबून आहे, हे कोणाला नीट माहीत होतं का, हा प्रश्न जास्त मोठा ठरला. माझ्या मते वादळानंतर शहर सावरतं की कोलमडतं, हे बहुतांशी याच एका माहितीवर ठरतं.

सुरुवात विजेपासून करू. ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, साठा जवळजवळ नसतो. ज्या क्षणी जितकी मागणी, त्याच क्षणी तितकी निर्मिती व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती घटली, की चढावर बैल मंदावतात तशी जनित्रं मंदावतात आणि विजेची वारंवारिता (सेकंदाला होणारी आवर्तनं) उतरते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असते, अमेरिकेत 60. 15 फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास टेक्सासच्या ग्रिडची वारंवारिता 59.4 हर्ट्झच्या खाली गेली आणि 4 मिनिटं 23 सेकंद तिथेच राहिली. ती नऊ मिनिटं तशीच राहिली असती, तर वीजकेंद्रांनी स्वतःला जपण्यासाठी आपोआप ग्रिडमधून अंग काढून घेतलं असतं आणि राज्याचा बहुतेक भाग अंधारात गेला असता. असं पूर्ण बंद पडलेलं ग्रिड पुन्हा उभं करायला कित्येक दिवस, कदाचित आठवडे लागतात. टेक्सासचं ग्रिड बाकी अमेरिकेपासून जवळजवळ वेगळं आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून उसनी वीज घ्यायची सोयही तोकडी होती. नियंत्रण कक्षातल्या माणसांपुढे एकच मार्ग उरला: भार तोडणे, म्हणजे काही भागांची वीज मुद्दाम बंद करणे. एका टप्प्यावर तब्बल 20,000 मेगावॅट भार तोडलेला होता. मुंबईची कडक उन्हाळ्यातली मागणी चार हजार मेगावॅटच्या आसपास असते. म्हणजे पाच मुंबया एकदम बंद करण्यासारखं झालं.

भारनियमन हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आज सकाळी तुमची गेली, दुपारी आमची जाईल. ऑस्टिनमध्येही चाळीस मिनिटांनी, तासाभराने पाळी बदलेल अशी लोकांची अपेक्षा होती. ती बदललीच नाही. रुग्णालयं, जलशुद्धीकरण केंद्रं, आपत्कालीन फोन यंत्रणा ज्या फीडरवर (एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिनीवर) आहेत, ते फीडर तोडता येत नाहीत. ते बाजूला ठेवले, उरलेले सगळे तोडले, आणि शहराच्या वाट्याचा भार तेवढ्याने कसाबसा भागला. फिरवायला शिल्लकच काही राहिलं नाही. ज्यांची गेली त्यांची दोन-दोन, तीन-तीन दिवस गेली. तिकडे शहराच्या मध्यभागी रिकाम्या कचेऱ्यांचे मनोरे मात्र उजळलेले, कारण महत्त्वाच्या इमारती आणि हे मनोरे एकाच जाळ्यावर होते. घरात कुडकुडत खिडकीतून ते दिवे बघणाऱ्यांना संताप आला, यात नवल नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात येऊन गेलाय. शेतीपंप आणि गावातली घरं एकाच फीडरवर असली की पंपांचं भारनियमन करताना गावही अंधारात जायचं. म्हणून गावठाण फीडर वेगळे काढले गेले. काम रुक्ष, खर्चिक आणि कोणाच्या नजरेत न भरणारं. पण संकटाच्या रात्री कोणाचा दिवा तेवत ठेवायचा हे निवडता येतं, ते असल्याच कामामुळे.

टेक्सासमध्ये तर तारांचा गुंता आणखी विचित्र होता. तिथली बरीच वीज नैसर्गिक वायूवर होते. थंडीने वायूच्या विहिरींची तोंडं गोठली, वायू कमी पडला, वीजकेंद्रं बंद पडली. म्हणून भार तोडला, आणि त्यात काही ठिकाणी वायू ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचीच वीज गेली! ज्यांची वीज तोडायची नाही अशांच्या ‘अत्यावश्यक’ यादीत ते कॉम्प्रेसर कोणी अर्ज करून नोंदवलेच नव्हते. एक अर्ज भरायचा राहिला आणि वीजकेंद्राच्या तोंडचा घास गेला. त्याच वर्षी राज्याने कायदा करून वीज आणि वायू यांच्या साखळीचा नकाशा बनवायला समिती नेमली. 2022 मध्ये तो पहिल्यांदा तयार झाला. तोवर असा नकाशा नव्हता, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

आता पाणी. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणून पाइप फुटतो असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. पाइपात बर्फाचा बूच तयार होतो आणि तो लांबत जातो. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला सरकायला जागा नसते. त्याचा दाब वाढत वाढत इतका होतो की पाइप सर्वांत कच्च्या जागी फाटतो, बऱ्याचदा जिथे बर्फ नाही अशा जागी. नळ बारीक धारेने सोडून ठेवा असं सांगतात ते याचसाठी, दाबाला वाट मिळावी म्हणून. फुटलेला पाइप तेव्हा कळतही नाही, कारण बूच पाणी अडवून धरतो. ऊन पडतं, बूच सुटतो आणि मग छतातून धार लागते. थंडी ओसरल्यावर ऑस्टिनमध्ये घराघरांतून हेच झालं.

असे हजारो पाइप फुटले, त्यात लोकांनी नळ सोडून ठेवलेले. शहराच्या टाक्या बघता बघता रिकाम्या होत गेल्या. 17 फेब्रुवारीला शहरातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्राचीही वीज गेली. नळाचा दाब उतरला की प्रश्न फक्त पाणी न मिळण्याचा राहत नाही. एरवी आतला दाब जास्त असल्यामुळे गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपतं. दाब गेला की बाहेरचं घाण पाणी त्याच सांध्यातून आत शिरू शकतं. म्हणून सबंध शहराला पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं. उकळी फुटल्यावर काही मिनिटं, एवढंच. पण ज्यांच्याकडे विजेचीच शेगडी आहे आणि वीज मात्र नाही, त्यांनी कशावर उकळायचं? दक्षिण ऑस्टिनमधल्या एका रुग्णालयात दाब गेला तेव्हा तिथली उष्णताही गेली, कारण बॉयलरला पाणी लागतं.

सेवा परत आणणं हेही नाजूक काम. बराच वेळ लाईट गेलेली असली की सगळ्यांचे हीटर, फ्रिज, गीझर चालू स्थितीत वाट बघत असतात. एरवी ते आळीपाळीने चालतात. लाईट आली की मात्र सगळे एकदम ओढतात आणि फीडर पुन्हा पडतो. म्हणून तुकड्या-तुकड्याने वीज द्यावी लागते. पाण्याचंही तसंच. रिकाम्या वाहिन्यांत एकदम दाब सोडला तर अडकलेली हवा आणि पाण्याचा हादरा यांनी नवे पाइप फुटतात. हळूहळू भरायचं, गळती शोधायची, मग नमुने प्रयोगशाळेत. जंतू वाढतात की नाही हे बघायला जवळपास एक दिवस लागतो, त्यात घाई करता येत नाही. ऑस्टिनची उकळून पिण्याची सूचना 23 फेब्रुवारीला उठली.

या वादळात टेक्सासमध्ये 246 माणसं गेली, ही राज्याच्या आरोग्य विभागाची नोंद. त्यातली 161 थेट थंडीने गेली, बरीच आपल्याच घरांत. 19 जण कार्बन मोनॉक्साईडने गेले. कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली, कोणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतली. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही अशी बातमी येते. दार-खिडकी किलकिली ठेवली तरी बंदिस्त जागेत कोळसा पेटवू नये.

दोन वर्षांनी, 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, ऑस्टिनवर गोठता पाऊस, म्हणजे जिथे पडेल तिथे बर्फ होणारा पाऊस, पडला. या वेळी ग्रिडकडे वीज मुबलक होती. पण तिथली ओकची काही झाडं हिवाळ्यातही पानं टाकत नाहीत. पानापानावर काचेसारखा बर्फ चढला, फांद्या काडकन मोडून तारांवर आल्या. शहरात लाखाहून जास्त ग्राहकांची लाईट गेली, काहींची आठवड्याहून अधिक. कधी येईल हे शहराला सांगता येईना, आणि महिना संपायच्या आत नगर परिषदेने शहराच्या व्यवस्थापकाला पदावरून दूर केलं. राज्याचा नकाशा इथे कामाला येणारा नव्हता. एका गल्लीत एक पथक जाणार, फांदी कापणार, तार ओढून बांधणार, आणि पाच-सात घरांत दिवा लागणार. मग पुढची गल्ली.