सेप्टिक टँक उपसावी लागत नाही, हे आलं कुठून?

ज्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे त्यांच्याकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आमची टँक बांधल्यापासून उघडलीच नाही, काही होत नाही." लोक आळशी असतात हे खरंय, पण सगळा दोष त्यांचा नाही, कारण ही टँक बाजारात आली तीच मुळी हा दावा घेऊन.

त्याआधी असायचे साधे मैल्याचे खड्डे. घराखाली किंवा मागच्या बाजूला खड्डा, भरला की माणसं येऊन उपसणार, तेही बऱ्याचदा रात्री. मग १९ व्या शतकात फ्लशचे संडास वाढले, प्रत्येक वेळी बादलीभर पाणी खड्ड्यात जायला लागलं आणि ते खड्डे दणादण भरून वाहू लागले, झिरपायला लागले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलराची साथ आली, डॉक्टर जॉन स्नोने तिचा माग तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या पंपापर्यंत नेला, आणि नंतर खोदून पाहिलं तर विहिरीला जवळजवळ लागूनच एका घराचा खड्डा निघाला, तोही गळका.

मग १८६० च्या सुमारास फ्रान्समधल्या वेझूल गावात झाँ-लुई मुरासने घरासाठी बंद टाकी बांधली. खुबी अशी की आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाइप पाण्याच्या पातळीखाली बुडवलेले, म्हणजे हवेचा संबंध तुटला. बऱ्याच वर्षांनी उघडली तर आत घट्ट मैला जवळपास नाहीच! १८८१ मध्ये पेटंट घेतलं आणि आपोआप मैला साफ करणारी टाकी म्हणून तिचं कौतुकही झालं. पुढे १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये एक्झिटरला डोनाल्ड कॅमेरॉनने याच धर्तीची मोठी टँक बांधली, सेप्टिक टँक हे नाव त्याचंच, आणि तिच्यातल्या गॅसवर तिथे दिवेही लावून दाखवले. लोक खूश! जिवाणू सगळं खाऊन टाकतात, गाळाची कटकटच संपली असं बोललं जाऊ लागलं.

पण तसं होत नाही. इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी १८९८ मध्ये रॉयल कमिशन नेमलं होतं, त्याने १९०८ च्या रिपोर्टात स्पष्टच म्हटलं की टँकमध्ये सगळा घनपदार्थ पचत नाही. जड ते खाली बसतं, तेल-तूप वर तरंगतं, मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. बिनहवेचे जिवाणू गाळ कमी करतात पण माती, वाळू, न पचणारे धागे आणि मेलेले जिवाणू उरतातच. हा थर चढत गेला की पाण्याला टँकमध्ये थांबायला जागा आणि वेळ दोन्ही कमी, मग घाण तशीच पुढे जाते आणि शोषखड्ड्याची माती चोंदते. खरं नुकसान तिथे होतं, टँक तर अर्ध्या दिवसात उपसून होते पण चोंदलेली जमीन सहजासहजी मोकळी होत नाही. म्हणून तर "काही होत नाही" म्हणणाऱ्याला बरीच वर्षं खरंच काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा अंगणात ओल आलेली असते.

जमिनीकडे लक्ष जायला मात्र वेळ लागला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन या इंजिनिअरने खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात मुरतं हे मोजायची पद्धत बसवली. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर धडाधड घरं उठली, गटारं तिथवर पोचलीच नव्हती, सगळा भार सेप्टिक टँकवर, आणि कितीतरी टँक थोड्याच वर्षांत बंद पडल्या. या सगळ्यातून १९५७ मध्ये तिथल्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसचं सेप्टिक टँकचं मॅन्युअल आलं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तारीख बघू नका, मोजा. लांब काठीला पांढरं जाड टॉवेलचं कापड गुंडाळायचं, तळापर्यंत सोडायची, वर काढली की गाळाची रेघ दिसते. गाळासोबत वरचा तरंगता थरही बघायचा, त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडापासून ३ इंचांवर आला की उपसायची वेळ झाली. (हे बाहेर उभं राहूनच करायचं. आत उतरणं सोडाच, डोकंसुद्धा घालायचं नाही, हायड्रोजन सल्फाइड जीव घेतो.) आज अमेरिकेची पर्यावरण संस्था साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसा करा म्हणते, आणि जिवाणूंच्या पावडरी टाकल्या म्हणून उपसा टळत नाही हेही सांगते, कारण जिवाणू मैल्यासोबत फुकट येतच असतात. ३ ते ५ वर्षं हाही अंदाजच, दोन माणसांच्या घरात मोठी टँक असेल तर बरीच पुढे जाते आणि भरल्या घरात छोटी टँक असली, त्यात सिंकमधून उष्टं-खरकटं जात असलं, तर गाडी आधीच बोलवावी लागते.