बाळाची सीट आणि पुढची एअरबॅग : गाडीत सीट बसवण्याआधी वाचा

आमच्या दुकानातून चाइल्ड सीट नेणाऱ्या प्रत्येक घरी हा कागद जातो. सीटच्या खोक्यातलं पुस्तक जाड असतं आणि बाळ घरात असताना ते वाचायला सवड कुणाला मिळते? म्हणून रोज गाड्यांमध्ये सीट बसवून देताना जे सांगावं लागतं, ते इथे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी हे. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येतं अशी सीट, म्हणजे पाठमोरी सीट, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नका. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी नाही.

का, ते समजून घ्या. शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमध्ये घडी करून बसवलेली असते. समोरून जोराची धडक बसली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, ताशी 200 ते 300 किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. मोठा माणूस पट्टा लावून, मागे टेकून बसलेला असतो. त्याच्या छातीपर्यंत पोचेस्तोवर ती फुगून झालेली असते, म्हणून तो वाचतो. पाठमोऱ्या सीटची पाठ मात्र डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते. एअरबॅग फुगत असतानाच त्या पाठीवर आदळते, आणि पाठीच्या पलीकडे, काही बोटांच्या अंतरावर, बाळाचं डोकं असतं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड, मानेची हाडं अजून कोवळी. तो मार बाळाला सोसत नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत अशा धडकांत लहान मुलं दगावली. धडक अशी की मोठी माणसं तिच्यातून सहज बाहेर आली असती. त्यानंतरच सनवायझरवर तो इशारा छापला जाऊ लागला. आपल्या गाडीचा सनवायझर खाली ओढून बघा : सीटमधलं बाळ, समोर एअरबॅग आणि त्यावर लाल काट.

घरची मोठी माणसं म्हणतात, "थोरल्याला आम्ही पुढेच बसवून आणलं, काही झालं नाही." खरं आहे त्यांचं. पण तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत त्या बाजूला एअरबॅगच नव्हती. आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारची 2022 च्या सुरुवातीपासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. थोरल्याची सीट माळ्यावरून काढून धाकट्यासाठी नव्या गाडीत ठेवता, तेव्हा सीट तीच असली तरी तिच्या समोर आता एअरबॅग आहे.

काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करायचा स्विच असतो. डाव्या बाजूचं पुढचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला, नाहीतर ग्लोव्हबॉक्समध्ये सापडतो, आणि बहुतेक वेळा किल्लीने फिरतो. फिरवल्यावर इग्निशन चालू करून 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' हा दिवा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि त्या जागेवर पुन्हा मोठं माणूस बसणार असेल तर स्विच आठवणीने चालू करा, नाहीतर धडकेच्या वेळी आजोबांसमोर एअरबॅग उघडणारच नाही. स्विच नसलेल्या गाडीत गॅरेजवाल्याकडून वायर काढून घेणं, फ्यूज उपटणं हे करू नका. तसं केल्याने बाकीच्या एअरबॅगही बंद पडू शकतात.

स्विच असो वा नसो, पुढच्या जागेवर पाठमोरी सीट आम्ही बसवून देत नाही. ग्राहक नाराज होतात, तरीही नाही. एकटी आई गाडी चालवते, बाळ मागे रडतं, तोंड दिसत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मागच्या सीटच्या डोक्याच्या उशीला घट्ट बांधायचा मऊ आरसा मिळतो, त्यात बाळ दिसतं. फारच रडलं तर गाडी कडेला घेऊन थांबा.

आता मांडीबद्दल. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही असं आपल्याला वाटतं, आणि घरात ते खरंच आहे. गाडीत हिशोब वेगळा होतो. ताशी 40 च्या वेगात गाडी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचं मूल शंभर किलोहून जास्त ओढीने पुढे जातं. सिमेंटची दोन पोती कुणाच्या हातात धरून राहतील? आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं असेल, तर मूल थेट एअरबॅग आणि मोठ्या माणसाच्या मध्ये सापडतं. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे 1000 रुपये दंड आहे, पण दंडासाठी कुणी हे करावं असं आम्हाला वाटत नाही.

बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती दुपट्याची. सव्वा महिन्याची ओवाळणी होऊन बाळ माहेराहून सासरी निघतं : कुंची, झबलं, वर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. तसंच उचलून सीटमध्ये ठेवतात आणि पट्टे वरून आवळतात. पट्टा घट्ट दिसतो, पण आत कापडाच्या घड्यांमध्ये बाळ मोकळंच असतं, शिवाय दोन पायांमधला पट्टा लावता येत नाही. आधी दुपटं सोडा. पातळ कपड्यात बाळाला बसवा, खांद्यावरचे पट्टे आवळा, बकलचा 'टक' आवाज ऐका, आणि मग दुपटं वरून पांघरा. गळ्याच्या हाडापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर पट्टा अजून सैल आहे. पाठमोऱ्या सीटचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असलेल्या सीटचे रेषेत किंवा किंचित वरून.

मध्यंतरी एक काका नातवाची सीट दाखवायला आले. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांत अडकणारे, दोन्ही हूक व्यवस्थित अडकलेले, दोन्हीकडे हिरवी खूण. पण टॉप टेदर, म्हणजे सीटच्या डोक्यामागून निघून डिकीकडच्या कडीत अडकवायचा पट्टा, मागे नुसता लोंबत होता. तो जास्तीचा पट्टा असेल असं त्यांना वाटलं. तो अडकवला नाही तर धडकेत सीटचा वरचा भाग पुढे झुकतो आणि मुलाचं डोकं समोरच्या सीटवर आदळू शकतं. सीटला तो पट्टा दिलेला असेल तर तो लावायचाच. सीट गाडीच्या पट्ट्याने बांधली असेल तर पट्टा जिथून जातो तिथे हाताने हलवून पाहा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत आवळा.

"कधी पुढे तोंड करायचं?" हे जवळजवळ सगळेच विचारतात. पाय मागच्या सीटला टेकतात म्हणून घाई करतात. पाय दुमडून बसायला मुलाला काही त्रास नसतो. युरोपातल्या आय-साइज नियमात किमान 15 महिने पाठमोरंच बसवावं लागतं. आमचं म्हणणं, सीटवर लिहिलेली उंची आणि वजनाची मर्यादा संपेपर्यंत पाठमोरंच राहू द्या.

डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती चिकटवली असेल तर कृपया तिची जागा बदला. श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण एअरबॅग उघडली की ती मूर्ती गोळीसारखी मागे येते.

अपघातात सापडलेली सीट वरून धड दिसली तरी वापरू नका. उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू तापतो, बाळाला ठेवण्याआधी हात लावून बघा.

सीट आमच्याकडून घेतलेली नसली तरी गाडी घेऊन या, बसवलेली सीट विनामूल्य तपासून देतो. अर्धा तास लागतो. येताना गाडीचं माहितीपुस्तक आणा, आणि जमलं तर बाळालाही, म्हणजे पट्ट्यांची उंची त्याच्याच मापाने लावता येईल.