क्वेबेकचा वीजखंड (१९८९)

सौर वादळामुळे १३ मार्च १९८९ रोजी पहाटे कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा पूर्णपणे बंद पडला. पावणेतीनच्या सुमारास अवघ्या दीड मिनिटात ‘हायड्रो-क्वेबेक’ या वीज कंपनीची यंत्रणा कोसळली. ऐन थंडीत सुमारे ६० लाख लोक अंधारात सापडले आणि बहुतेकांची वीज यायला नऊ तास लागले.

१० मार्चला सूर्यावरून निघालेला विद्युतभारित वायूचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळला होता. हे क्षेत्र झपाट्याने बदलू लागले की जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण होतात. क्वेबेकचा बराचसा भाग प्राचीन, कठीण खडकावर वसला आहे. या खडकातून वीज सहज वाहत नाही, म्हणून ती भूसंपर्कित (जमिनीशी तारेने जोडलेल्या) रोहित्रांवाटे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरांवाटे, पारेषण वाहिन्यांत शिरली. ला ग्रांद जलविद्युत केंद्रांची वीज दक्षिणेकडील शहरांपर्यंत नेणाऱ्या या ७३५ किलोव्होल्टच्या वाहिन्या तब्बल हजारेक किलोमीटर लांब आहेत. रोहित्रांचे गाभे संपृक्त होऊन, म्हणजे चुंबकत्वाची कमाल मर्यादा गाठून, विजेची तरंगरचना बिघडली. व्होल्टेज सावरणारी सात उपकरणे त्यांच्याच संरक्षक रिलेंनी (धोका जाणवताच उपकरण आपोआप बंद करणाऱ्या स्विचांनी) लागोपाठ बंद केली आणि त्यामागोमाग ला ग्रांदचा पुरवठा तुटला. म्हणजे सूर्याइतकाच दोष रिलेंच्या अतिसंवेदनशील मांडणीचाही होता.

आर्थिकदृष्ट्या अधिक बोलकी घटना अमेरिकेत, न्यू जर्सीतील सेलम अणुवीज केंद्रात घडली. तिथे एक मोठे रोहित्र तापून निकामी झाले. रद्द झालेल्या दुसऱ्या अणुप्रकल्पाचे रोहित्र उपलब्ध होते, म्हणून निभावले. एरवी अशी रोहित्रे मागणीनुसार बनवावी लागतात आणि त्यात वर्ष सहज जाते. एकाच वेळी अनेक रोहित्रे जळाली तर पाणीपुरवठा, रुग्णालये, बँका, दूरसंचार या साऱ्यांचीच कोंडी होईल. खरी धास्ती आहे ती याची.

यापेक्षा तीव्र वादळाची नोंद मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये तिथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला होता. १९८९ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक, म्हणजे अशा घसरणीची अनेक ठिकाणांची सरासरी, उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. अर्थात एका ठिकाणचे मापन आणि अनेक ठिकाणांची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही.

पुढे हायड्रो-क्वेबेकने रिलेंची मांडणी बदलली आणि लांब वाहिन्यांवर एकसर धारित्रे (वाहिनीच्या मार्गातच जोडलेले कपॅसिटर) बसवली. जमिनीतून शिरणारा जवळजवळ एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह ती अडवतात. वादळाची सूचना मिळताच वाहिन्यांवरील भार कमी करण्याची पद्धतही तिथे रूढ झाली.