पैलवानालाही बाराशेच?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत एक आकडा वर्षानुवर्षं फिरतोय: वजन उतरवायचं तर दिवसाला १२०० कॅलरी, मग बाई असो की पैलवान. साफ चूक. शरीर नुसतं पडून किती जाळतं, ते आधी काढा. १९९०च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात वजन गुणिले १०, अधिक सेंटीमीटर उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाईसाठी आणखी वजा १६१, पुरुषासाठी अधिक ५. सत्तर किलोची, १५५ सेंमी उंचीची, ३५ वर्षांची बाई: १३३३. बेताची हालचाल म्हणून गुणिले १.३७५, झाले सुमारे १८३०. वजन उतरवायला त्यातून ५०० वजा केले की खायच्या १३३०. तालमीतल्या गड्याला बाराशेवर ठेवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. तांबडा रस्सा सोडू नका हो, वरचा कट तेवढा मोजा; चहाचा चमचाभर तेल म्हणजे ४० कॅलरी. इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.