हट्ट की मेल्टडाउन?

लग्नाच्या हॉलमध्ये पाच वर्षांचा मुलगा जमिनीवर लोळण घेऊन किंचाळतोय. जमलेले नातेवाईक लगेच म्हणतात, "फार लाडावलाय." तो ऑटिस्टिक (स्वमग्न) असेल तर हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा ठरतो आणि त्यापायी मुलाला फटके बसतात.

हट्टी मुलाला काहीतरी हवं असतं. रडता रडता ते आईकडे चोरून बघतं, कोणी लक्ष देईना तर आवाज उतरतो, हातात मोबाइल पडला की रडं थांबतं. अशा वेळी शांतपणे नकारावर ठाम राहावं.

मेल्टडाउनमध्ये मूल काही मागत नसतं. त्याला सगळं असह्य झालेलं असतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांना खूप जास्त किंवा खूप कमी प्रतिसाद देणं हा 2013 सालच्या डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन मार्गदर्शिका) पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांपैकी एक आहे. या मुलाला सकाळपासून शेरवानीचं जरीकाम मानेला टोचत होतं. त्यात बँड, अत्तराचा वास, डोळ्यांत घुसणारे फोकस, गालगुच्चे घेणाऱ्या मावश्या. तो कानांवर हात ठेवत होता, हात फडफडवत होता, "घरी कधी जायचं?" हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी बाहीवर मठ्ठा सांडला आणि त्याचा बांध फुटला. लोकांना दिसला तो फक्त मठ्ठा. आता चॉकलेट दिलंत तरी तो भिरकावून देईल. आसपास कोणी नसलं तरी किंचाळतच राहील आणि नंतर गळून जाईल.

इथे समजावणं, दटावणं दोन्ही व्यर्थ, कारण तुमचा आवाजही त्या गोंगाटात भरच घालतो. त्याला शांत खोलीत न्या, दिवे मंद करा, कमीत कमी बोला. न विचारता कवटाळू नका: काही मुलांना घट्ट मिठीने बरं वाटतं, काहींना साधा स्पर्शही नको असतो. आणि हात फडफडवणं कृपा करून थांबवू नका, तो त्याचा स्वतःला सावरण्याचा प्रयत्न असतो.

ऑटिस्टिक मुलंही हट्ट करतातच, आणि ताणलेला हट्ट मेल्टडाउनमध्ये बदलू शकतो. नक्की काय चाललंय ते कळेना, तर मेल्टडाउन समजूनच वागा. मूल शांत झाल्यावर आधीच्या दोन-तीन तासांत काय काय घडलं ते वहीत लिहून ठेवा. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (मुलाला रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) त्या नोंदी फार उपयोगी पडतात.